शरीराला कारण कळत नाही

(अमरावती येथे ८ मार्चच्या निमित्ताने झालेल्या अमरावती व अकोला जिल्ह्यांतील महिला गटांच्या मेळाव्यात एका निवृत्त परिचारिकेने केलेल्या भाषणाचे हे शब्दांकन. बोलण्याची भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)



भाषण करायची मला सवय नाही. माझा जन्म नर्सच्या नोकरीत गेला आणि त्यातली अकरा वर्षं मेळघाटात, धारणी तालुक्यात. आयोजक बायांनी मला ‘स्त्रियांचं आरोग्य’ असा विषय दिला होता. तो एका दुपारीत मावणारा नाही. म्हणून मी एकच गोष्ट बोलणार आहे. वजन उतरवण्यासाठी पोट मारून राहण्याचे जे प्रकार सध्या चालले आहेत, त्यांविषयी.

तुमच्यापैकी कोणी म्हणेल, की इथं निम्म्या बायांना पोटभर मिळत नाही आणि ही बाई बारीक होण्याच्या गोष्टी काय सांगते? हा तर बंगल्यातल्या बायकांचा प्रश्न. मलाही बरीच वर्षं असंच वाटत होतं. आपल्या चळवळीतही आपण हा विषय ‘सौंदर्याच्या कल्पना’ या खात्यात टाकून मोकळ्या होतो. १९९४ साली विश्वसुंदरीचे दोन्ही मुकुट आपल्या देशात आले, १९९६ साली बंगलोरला त्या स्पर्धेविरुद्ध महिला संघटनांनी निदर्शनं केली, तेव्हा आपण बाजारावर खूप बोललो. पण उपाशी राहिल्यावर आतड्याचं, हृदयाचं, हाडांचं काय होतं, हे त्या वेळी आपण फारसं बोललो नाही. मी तर नर्स होते, मीही बोलले नाही.

माझ्या भाचीची गोष्ट सांगते. तिला विचारून सांगते आहे. नाव सांगणार नाही.

मुलगी अकोल्याची. बी. एड. झालेली, तेवीस वर्षांची. लग्नाचं बघणं चालू होतं. एका ठिकाणाहून निरोप आला, ‘पोरगी चांगली हाये, पण अंगानं जराशी जास्तच भरली हाये.’ दुसऱ्या ठिकाणचं काहीच कळवलं नाही, पण घरातल्यांनी कारण तेच धरलं. मग ती वजन उतरवण्याच्या एका केंद्रात जाऊ लागली. महिन्यात दहा किलो, अशी पाटी होती. सकाळी कोमट पाण्यात पावडर, दुपारी कोबीचं पाणीदार सूप, संध्याकाळी पुन्हा पावडर, रात्री काकडी. मी मागाहून हिशेब केला. दिवसाला ५०० कॅलरीसुद्धा होत नव्हत्या. म्हणजे ज्वारीच्या तीनेक भाकरी, त्याही कोरड्या, आणि चोवीस तासांत तेवढंच.

तिथं डॉक्टर नव्हता. रक्त तपासलं नाही. वजनकाटा मात्र होता आणि एक वही होती.

पंधरा दिवसांनी मी तिला भेटले. आणि मी काय म्हणाले? ‘किती छान दिसतेस गं!’ हे माझे शब्द आहेत. तिचे ओठ फुटले होते, एप्रिलच्या उन्हात तिला थंडी वाजत होती, तिनं बाहीचं झंपर घातलं होतं. अशी लक्षणं मी शेकड्यांनी पाहिलेली. मेळघाटात मला ती लांबून ओळखू यायची. माझ्या भाचीच्या अंगावर मला ती दिसली नाहीत, कारण ती पैसे भरून उपाशी राहिली होती.

मे महिन्यात अकोल्याहून अमरावतीला येताना मूर्तिजापूरच्या पुढे एस. टी.त ती बेशुद्ध पडली. दवाखान्यात कळलं, रक्तातलं पोटॅशियम फार उतरलेलं, ईसीजीत हृदयाचे ठोके बिघडलेले. दुसऱ्या दिवशी माझी बहीण तूप घातलेल्या शिऱ्याचा भरलेला डबा घेऊन आली. ‘खाऊन घे ना वं माय’, म्हणून तिच्या तोंडाशी घास नेला, तेव्हा मी तिचा हात धरला. त्या क्षणी मला धारणी आठवलं.

१९९३ साली मेळघाटातले बालमृत्यू देशभर गाजले. मी तेव्हा तिथंच होते. अगदी वाळून गेलेलं मूल आलं की नव्या माणसाला वाटतं, याला आधी पोटभर खाऊ घाला. आम्हाला शिकवलं होतं, तसं करायचं नाही. दर दोन-तीन तासांनी थोडं थोडं, मोजून द्यायचं आणि काही दिवसांनी वाढवायचं. कारण बरेच दिवस उपाशी राहिलेल्या शरीरात एकदम साखर-पीठ गेलं, की रक्तातले फॉस्फरस, पोटॅशियम, मॅग्नेशियम हे क्षार पेशींत ओढले जातात, रक्तात त्यांचा तुटवडा पडतो, आणि हृदय बंद पडू शकतं. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी, १९४५ साली, छळछावण्यांतून सुटलेल्या माणसांतही हे घडलं. भुकेतून वाचलेली माणसं जेवणानंतर गेली.

माझ्या बहिणीचा काय दोष? तिला कोण सांगणार? केंद्रवाल्यांनी उपाशी राहायला शिकवलं, पुन्हा खायला कसं लागायचं ते शिकवलं नाही.

म्हणून आज एवढंच सांगायला आले आहे. तुम्ही कशासाठी उपाशी आहात, हे शरीराला कळत नाही. रेशन मिळालं नाही म्हणून, एकादशी आहे म्हणून, लग्न जमत नाही म्हणून, सगळं त्याला सारखंच. ते दुष्काळ आला असं धरतं आणि त्याप्रमाणे वागतं.

कसं वागतं ते सांगते. पहिल्या आठवड्यात काटा झरझर खाली येतो. त्यातलं बरंचसं पाणी असतं. यकृतात आणि स्नायूंत साठवलेली साखर संपते आणि तिच्यासोबत धरून ठेवलेलं पाणी लघवीवाटे जातं. बाई खूश, केंद्रवाले खूश. मग शरीर चरबी जाळतं, पण स्नायूही खातं. आणि हृदय हाही स्नायूच आहे, हे विसरू नका. अंगाचा जाळ कमी होतो, म्हणून थंडी वाजते, नाडी मंद होते. पाळी लांबते किंवा बंद होते, आणि ती बरेच महिने बंद राहिली तर हाडं ठिसूळ होऊ लागतात. दोन-तीन महिन्यांनी केस मुठीनं गळतात. जेवणात स्निग्ध काहीच नसलं की पित्ताशय आकुंचन पावत नाही, पित्त साचून राहतं आणि खडे होतात. झपाट्यानं वजन उतरवणाऱ्यांमध्ये पित्ताचे खडे ही नेहमीची गोष्ट आहे. शिवाय आपल्याकडचा उन्हाळा! अकोल्याचा पारा ४५ च्या वर जातो. अंगातलं पाणी आणि क्षार घामातून जात असताना वरून लघवीची किंवा जुलाबाची गोळी दिली, तर काय होईल ते सांगायला डॉक्टर नको.

हे भीती घालण्यासाठी सांगत नाही. अमेरिकेत १९७६-७७ मध्ये प्रथिनांचं पातळ औषध पिऊन वजन उतरवण्याची लाट आली होती. दिवसाला ३००-४०० कॅलरी, बाकी काही नाही. त्यात सुमारे ६० माणसं दगावली. त्यांत तरुण बायका पुष्कळ होत्या, आणि कित्येकींचं हृदय अचानक थांबलं. आपल्याकडे २०२५ सालच्या मार्चमध्ये केरळात एक कॉलेजची मुलगी अशीच गेली. लठ्ठपणाच्या भीतीनं ती कित्येक महिने जवळजवळ काही खात नव्हती.

मनाचंही ऐका. १९४४-४५ साली अमेरिकेत मिनेसोटाला ३६ धडधाकट तरुण पुरुषांवर एक प्रयोग झाला. त्यांना सहा महिने अर्धपोटी ठेवलं. अर्धपोटी म्हणजे दिवसाला सुमारे १५७० कॅलरी, माझ्या भाचीच्या तिप्पट! ते पुरुष चिडचिडे झाले, उदास झाले, दिवसरात्र खाण्याचेच विचार करू लागले, पाककृतींची पुस्तकं वाचू लागले. आता आपल्या मुली असं वागल्या की आपण म्हणतो, ‘हिचा स्वभावच तसा’, ‘हिला जिभेवर ताबा नाही’. तो स्वभाव नाही, ती भूक आहे. आणि पथ्य सुटल्यावर वजन परत चढतं, तेव्हा ती मुलगी स्वतःला नालायक समजते. केंद्र तिला नालायक समजत नाही. ते तिच्याकडून पुन्हा फी घेतं.

आता दुसरी बाजूही सांगायला हवी. वजनाचा प्रश्न खोटा नाही. साखर, रक्तदाब, गुडघे यांचा आणि वाढत्या वजनाचा संबंध आहे. अगदी कमी कॅलरींचा आहार, म्हणजे दिवसाला साधारण ८०० किंवा त्याहून कमी, हा डॉक्टरांच्या हातातला एक उपचारही आहे. ब्रिटनमध्ये मधुमेही रुग्णांना तीन ते पाच महिने ८५० च्या आत-बाहेर कॅलरी दिल्या, आणि वर्षअखेर जवळजवळ निम्म्यांचा मधुमेह औषधांशिवाय आटोक्यात होता. २०१७ साली ते प्रसिद्ध झालं. पण त्यांची निवड तपासून झाली होती, सुरुवातीलाच औषधं बदलली होती, क्षार-जीवनसत्त्वं मोजून दिली होती आणि नेहमीच्या जेवणावर त्यांना हळूहळू आणलं होतं. साखरेच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणारी बाई हे घरी करायला गेली, तर साखर एकदम उतरून ती बेशुद्ध पडेल. गरोदर, अंगावर पाजणारी, वाढत्या वयाची मुलगी, हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा आजार असलेली बाई, यांनी तर याच्या वाटेलाच जाऊ नये.

आणि आपण कोणत्या बायांबद्दल बोलतो आहोत? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या १०० बायांपैकी ५४ बायांच्या अंगात रक्त कमी आढळलं. त्याच पाहणीत सुमारे २३ बायांचं वजन जास्त आणि सुमारे २१ बायांचं गरजेपेक्षा कमी. म्हणजे जाड दिसणारी बाईही आतून रिकामी असू शकते. तिला आणखी उपाशी ठेवून आपण काय मिळवतो? राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या हिशेबानं बैठं काम करणाऱ्या बाईलासुद्धा दिवसाला १६६० कॅलरी लागतात, निंदण-वेचणीसारखं कष्टाचं काम असेल तर २७२०.

खरं सांगू का, हे केंद्रवाले आपल्याला काही नवीन शिकवत नाहीत. सोमवार, चतुर्थी, मार्गशीर्षातले गुरुवार, नवरात्र, शिवाय सगळ्यांचं झाल्यावर उरलंसुरलं. बाईनं कमी खाल्लं की ती गुणाची, हे आपल्या हाडीमाशी आधीच मुरलेलं आहे. त्यांनी फक्त त्यावर फी लावली. या अमरावतीत हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासून आहे. अंग कमावणं हा शब्द या गावाला माहीत आहे. मग मुलींच्या बाबतीत आपण अंग घटवण्याचीच भाषा का करतो?

आपल्या गटांनी काय करावं, ते थोडक्यात सांगते. आपल्या गावात असं केंद्र असेल, तर चार बाया मिळून जा आणि विचारा. इथं डॉक्टर कोण? दिवसाला कॅलरी किती? रक्त कधी तपासता? पावडरीत काय आहे? बिल आणि लेबल मागा. काही पावडरींत सिब्युट्रामीन नावाचं औषध लपवून घातलेलं सापडलं आहे. हृदयाला धोका म्हणून आपल्या देशात त्यावर २०११ पासून बंदी आहे. आणखी एक, आक्षेपार्ह जाहिरातींच्या १९५४ च्या कायद्याच्या यादीत लठ्ठपणा आहे. औषधानं तो बरा करतो अशी जाहिरात करता येत नाही. अशी जाहिरात दिसली, तर कापून ठेवा आणि अन्न व औषध प्रशासनाकडे लेखी तक्रार करा.

ज्या बाईला खरोखर वजन उतरवायचं आहे, तिला हसू नका. आठवड्याला अर्धा किलो, फार तर एक, एवढंच उतरवावं. भाकर राहू द्या, तुरीचं वरण, अंबाडीची भाजी, मठ्ठा वाढवा, तेल-साखर-फरसाण कमी करा, आणि रोज तासभर चालायला तिला घरातून वेळ मिळेल असं बघा. हा शेवटचा भाग सगळ्यात अवघड आहे, तुम्हाला ठाऊक आहे.

आणि कुणी बारीक झालेली दिसली, तर लगेच ‘छान दिसतेस’ म्हणू नका. आधी विचारा, ‘जेवलीस का?’ मी ते विचारलं नव्हतं.

माझी भाची आता बरी आहे. शाळेत शिकवते. केस परत आले, पित्ताशय मात्र काढावं लागलं. लग्नाचं तिनं सध्या बाजूला ठेवलं आहे.

माझं बोलणं संपलं. मागच्या खोलीतून वरणाचा वास येतो आहे, म्हणजे जेवण तयार आहे. आज ज्या मैत्रिणींनी सकाळपासून स्वयंपाक केला, त्यांना पहिल्या पंगतीला बसवा. वाढायला मी उभी राहते.