महानगराची साक्ष



या साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदाच्या मानाबद्दल आभार मानण्याचा उपचार मी या एका वाक्यात उरकतो, कारण ज्या विषयाकडे मला वळावयाचे आहे तो आपल्या साहित्यव्यवहाराच्या दाराशी बराच काळ तिष्ठत उभा आहे. समाजाचे शील पारखावयाचे तर त्याची महानगरे पाहावीत, असे सुशिक्षितांच्या बोलण्यात सहज येऊन जाते. आणि मुंबईच्या बाबतीत हा समज इतका दृढमूल झाला आहे की, परप्रांतीय पाहुण्याला महाराष्ट्र दाखवावयाचा झाला म्हणजे आपण त्याला बोरीबंदरपासून चौपाटीपर्यंत फिरवून आणतो आणि कर्तव्य बजावल्याच्या समाधानाने घरी परततो. माझी तक्रार शहराबद्दल नाही, या समाधानाबद्दल आहे. महानगर हा साक्षीदार मोठा वाचाळ आणि तितकाच पक्षपाती. ते जे हेतुपुरस्सर दाखविते त्यावर हवाला ठेवू नये, आणि जे त्याच्या तोंडून अनवधानाने निसटते ते मात्र अक्षरशः टिपून घ्यावे.

विद्यापीठाच्या आवारातील राजाबाई मनोऱ्याचेच पाहा. शेठ प्रेमचंद रायचंद यांनी मातोश्रींच्या नावे उभारविलेली ही वास्तू नितांत सुंदर आहे, यात वाद नाही. परंतु अमेरिकेतील यादवीमुळे तिकडचा कापूस अडला आणि हिंदुस्थानच्या कापसाला सोन्याचे मोल आले, त्या १८६१ ते १८६५ या सालांतील पैशाच्या पुराची आठवण तिच्या दगडांत आहे. ज्याने तो कापूस पिकविला त्या कुणब्याच्या शीलाविषयी हा मनोरा एक अक्षर बोलत नाही.

बोलतात त्या गिरण्या आणि त्यांच्या आसऱ्याने वाढलेल्या चाळी. १८५६ साली ताडदेवला कावसजी दावर यांची गिरणी सुरू झाली, आणि पुढे पिढ्यान्‌पिढ्या रत्नागिरीचा आणि घाटावरचा कर्ता पुरुष या शहरात ओतला गेला. गावकीने मिळून भाड्याने घेतलेली एक खोली; दिवसपाळीचे लोक कामावर गेले की रातपाळीचे त्याच जागी पथारी पसरीत; भिंतीशी ट्रंकांची रांग, जेवण खानावळवाल्या बाईकडे, आणि एका ट्रंकेत जपलेली खोलीच्या हिशेबाची वही, जिच्यात भाडे, ग्रामदैवताची वर्गणी आणि कुणाच्या मयताचा खर्च एकाखाली एक मांडलेला असे. पगार झाला की पोस्टाच्या खिडकीशी मनीऑर्डरीसाठी गर्दी. ती मनीऑर्डर जिच्या हाती पडे, जी त्या पैशात सासू-सासरे, मुले, गुरे आणि भाताचे खाचर सांभाळी, ती बहुधा या शहराने कधी पाहिलीच नाही. गिरण्या बंद पडून दशके लोटल्यानंतरही, २०११ च्या खानेसुमारीत, मुंबई शहर जिल्ह्यात हजार पुरुषांमागे ८३२ स्त्रिया भरल्या आणि रत्नागिरी जिल्ह्यात ११२२. हे दोन आकडे शेजारी शेजारी ठेवले म्हणजे ज्या आरशात आपण समाज पाहू म्हणतो त्यातून समाजाचा केवढा भाग गळाला आहे, हे निराळे सांगावे लागत नाही.

आता त्याच गिरणीच्या विणकामाच्या खात्यात चला. धोट्यातील कांडी संपली की नव्या कांडीच्या सुताचे टोक विणकराला धोट्याच्या छिद्राला तोंड लावून श्वासाने बाहेर ओढून घ्यावे लागे. आणि धोटा एकाचा तोंडचा दुसऱ्याच्या तोंडी जाणार, एवढ्या कारणावरून विटाळाचा प्रश्न काढून अस्पृश्य गणलेल्या कामगाराला त्या खात्याचा, म्हणजे चढ्या पगाराचा, मज्जाव झाला. साचे विलायतेहून आले, भांडवल पेढ्यांतून आले, आणि कायदा मात्र गावच्या पाणवठ्यावरचा चालू राहिला! १८२८ नव्हे, १९२८ साली, सार्वत्रिक संपाच्या ऐन धामधुमीत, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना हा अन्याय संपाच्या पुढाऱ्यांपुढे मांडावा लागला. चाळीतल्या एकोप्याचे गोडवे गाणारे ललित लेखन आपल्याकडे विपुल आहे, मलाही त्यातले काही आवडते. पण समाजाच्या शीलाचा दाखला हवा असेल तर मी त्या साऱ्यापेक्षा बोटभर लांबीच्या त्या कांडीवर भरवसा ठेवीन.

म्हणून खरा समाज खेड्यात, शहर ती नुसती माया, असा उलट निवाडा कोणी देईल तर तोही मला मान्य नाही. सत्यशोधक समाज १८७३ साली पुण्यात स्थापन झाला. त्या मुशीतले नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईत 'दीनबंधू' हे वृत्तपत्र चालविले, १८८४ पासून गिरणी कामगारांची संघटना बांधली आणि १८९० साली रविवारची सुटी पदरात पाडून घेतली. वाराने ठरलेली हक्काची विश्रांती खेड्यातील शेतमजुराला कोणत्या जन्मी ठाऊक होती? इथे शहराने समाजाचे प्रतिबिंब दाखविले नाही. समाजापाशी जे नव्हते ते त्याला दिले.

आपल्या व्यासपीठाविषयीही एक शब्द बोलणे प्राप्त आहे. १८८५ साली न्यायमूर्ती रानडे यांनी ग्रंथकारांच्या सभेचे, म्हणजे या संमेलनाच्याच पूर्वरूपाचे, निमंत्रण धाडले असता जोतीराव फुल्यांनी ते नाकारले. त्या नकाराचा उल्लेख आपण संमेलनाच्या इतिहासात मोठ्या अदबीने करतो, आणि प्रतिनिधींची यादी करताना पुन्हा शहरातले पत्तेच आधी लिहितो.

एक कामाची सूचना करून मी आपली रजा घेतो. वरळी, नायगाव आणि ना. म. जोशी मार्गावरील बीडीडी चाळी पाडून तेथे मनोरे उठत आहेत. एकशे साठ चौरस फुटांच्या त्या खोल्या गेल्याचे दुःख करण्याचे मला कारण दिसत नाही, कारण तेथे राहिलेल्यांना मोठे घर मिळणे न्यायाचेच आहे. परंतु सामान बांधताना हिशेबाच्या वह्या, गावाकडून आलेली पत्रे आणि मनीऑर्डरीच्या पावत्या रद्दीवाल्याच्या तराजूत जात आहेत. प्रत्येक तालुक्याच्या ग्रंथालयाने आपापल्या गावकीच्या मुंबईकरांना पत्र घालून त्या मागवाव्यात, आणि त्या पत्रांच्या दुसऱ्या टोकाला असलेल्या ज्या वृद्ध स्त्रिया अद्याप हयात आहेत त्यांच्याकडे बसून त्यांची हकीकत उतरवून घ्यावी. पावसाळ्याआधी हे सुरू व्हावे, कारण लावणीला लागल्यावर त्यांना आपल्याशी बोलायला सवड मिळणार नाही.