कापसाचे फाटक आणि त्याची कडी
(हिंगणघाट येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा संक्षेप)



जागतिकीकरण १९९१ साली आले, असे आपण नेहमी म्हणतो. हिंगणघाटपुरते ते खरे नाही. अमेरिकेत १८६१ ते १८६५ या काळात यादवी युद्ध झाले, लँकेशायरच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेनासा झाला आणि आपल्या मुलखातील कापसाला अचानक तेजी आली. युद्ध संपले, तेजीही ओसरली. त्या युद्धाशी आमच्या कास्तकाराचा काडीचा संबंध नव्हता. भुर्दंड मात्र त्यालाच पडला.

म्हणून जगाशी व्यवहारच नको, असे मी म्हणणार नाही. कुमारप्पांच्या मगनवाडीच्या जिल्ह्यात हे काहींना रुचणार नाही. परंतु २०२२ साली विदर्भात कापूस क्विंटलला दहा हजारांवर गेला, त्यामागे जागतिक बाजाराची तेजी होती. आणि १९७२ च्या ज्या एकाधिकार खरेदी योजनेचे आपण गोडवे गातो, तिच्यात कास्तकार चुकाऱ्यासाठी महिनोन्‌महिने खेटे घालीत असे, हेही प्रांजळपणे मान्य केले पाहिजे.

माझा आक्षेप निराळा आहे. फाटक असावे, पण त्याची कडी कोणाच्या हाती? मार्च २०१२ मध्ये गिरण्यांना कापूस पुरावा म्हणून निर्यातीवर एकाएकी बंदी घातली गेली. ओरड झाल्यावर ती काही दिवसांत सैल झाली. ऑगस्ट २०२५ मध्ये नेमके उलट घडले. अमेरिकेने भारतीय मालावर ५० टक्के कर लादला, कापड-निर्यातदार अडचणीत आले आणि कापसावरील ११ टक्के आयातशुल्क माफ झाले. आधी ३० सप्टेंबरपर्यंत, मग ३१ डिसेंबरपर्यंत. म्हणजे इकडे कास्तकार सीतादही करून वेचणीला लागतो, तोच परदेशी गाठींना बंदर मोकळे! लांब धाग्याचा हमीभाव होता ८,११० रुपये. पण सरकारी खरेदीची वाट पाहण्याइतका दम कर्जदार माणसाला कुठून असणार? कापड-कामगारही आपलाच आहे, त्याची रोजी टिकलीच पाहिजे. ती टिकविण्याचा खर्च वायगाव-समुद्रपूरच्या कोरडवाहू शेतकऱ्याने का सोसावा, एवढाच माझा प्रश्न आहे.

तिकडे अमेरिकेचा कापूस अनुदानावर पोसला जातो. ब्राझीलने जागतिक व्यापार संघटनेत दाद मागितली, खटला जिंकला आणि २०१४ मध्ये ३० कोटी डॉलर घेऊन तडजोड केली. बेनिन, बुर्किना फासो, चाड व माली या गरीब देशांनी २००३ पासून हेच गाऱ्हाणे मांडले. अनुदान काही बंद झाले नाही. नियम सर्वांना सारखा, पण तो वठविण्याची ताकद सारखी नाही.

आपल्या ठरावात ‘जागतिकीकरणाचा निषेध’ हे शब्द आहेत. त्यांऐवजी दोन मागण्या घालाव्यात: ऑक्टोबर ते मार्च या काळात कापसाचे आयातशुल्क कमी करू नये; आणि निर्यातबंदी केलीच, तर भावातील तूट सरकारने भरून द्यावी. मसुदा मी लिहून आणला आहे, तो अध्यक्षांकडे देतो.