पाळी ठरवावी चिठ्ठीने
(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

आमच्या वसई-विरारमध्ये अनेक घरांत पाणी पिंपात साठवावे लागते. उघड्या पिंपात डेंग्यूचा डास अंडी घालतो. समजा, घरोघर पिंपे तपासून आठवड्याला 'कोरडा दिवस' पाळायला लावायची मोहीम निघाली. वस्त्या बारा आणि कर्मचारी मोजके. मग सुरुवात कुठून करायची?

जिथला पुढारी वजनदार तिथून, असे होऊ नये. जिथे रुग्ण जास्त तिथून, हे न्याय्य वाटते; पण शिगेला पोहोचलेली साथ पुष्कळदा आपोआपही उतरते. मग मोहिमेचा गुण कळणार कसा?

मला भिशीची रीत पटते. भिशीत रक्कम सगळ्यांनाच मिळते. आधी कोणाला, एवढेच चिठ्ठी ठरवते. तशाच चिठ्ठ्या काढून दर दोन महिन्यांनी तीन वस्त्यांत काम सुरू करावे. डासांची आणि रुग्णांची मोजणी मात्र पहिल्या दिवसापासून बाराही वस्त्यांत, एकाच पद्धतीने व्हावी.

तुलना करायची ती काम सुरू झालेल्या आणि पाळी यायच्या असलेल्या वस्त्यांची, आणि तीही त्याच महिन्यातली. डेंग्यू पावसाळ्यात वाढतो आणि नंतर ओसरतो. जूनमध्ये मोहीम काढून जानेवारीत पाठ थोपटून घेणे सोपे आहे. श्रेय मोहिमेचे की ऋतूचे, हे थांबलेल्या वस्त्यांवरूनच कळते.

आफ्रिकेतल्या गांबिया देशात १९८६ साली हेच झाले. यकृताच्या कर्करोगाला कारण ठरणाऱ्या 'हेपटायटिस बी'ची लस सगळ्या बाळांना एकदम देणे शक्य नव्हते. तिथल्या १७ लसीकरण पथकांचा क्रम यदृच्छेने ठरवून सुमारे चार वर्षांत लस देशभर नेली. मुंबईत 'प्रथम'च्या बालसखी कार्यक्रमातही अभिजित बॅनर्जी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कोणत्या शाळेत कोणत्या इयत्तेला बालसखी द्यायची, हे असेच ठरवले. कोणतीही शाळा वगळली नाही. बॅनर्जींना २०१९ चे नोबेल मिळाले, ते अशा प्रयोगांच्या कामासाठीच.

थांबणाऱ्यांवर अन्याय होत नाही का? होतो, जर सगळ्यांना एकदम देता येत असूनही आपण थांबवले तर. उपाय खात्रीचा असेल आणि साथ पेटली असेल, तर चिठ्ठी बाजूला ठेवून आजारी वस्तीकडेच धावले पाहिजे. पण मनुष्यबळाअभावी कोणीतरी थांबणारच असेल, तर चिठ्ठी रहिवाशांसमोर काढावी, क्रम फलकावर लावावा आणि कोणाच्याही फोनवरून तो बदलू नये. आपली पाळी उशिरा का आली, हे निदान प्रत्येकाला कळेल.