हिमालयाच्या तळाकडे मोटारीने

(कोल्हापूर येथे शिक्षक व पंचायत सदस्यांपुढे केलेले भाषण)



मे २०२२ मध्ये कोल्हापूरच्या कस्तुरी सावेकर यांनी एव्हरेस्ट सर केले. तेव्हापासून आपल्या मुलामुलींना हिमालयाची ओढ लागली असल्यास नवल नाही. शिखराविषयी पुष्कळ बोलले जाते. तळाच्या छावणीपर्यंतच्या वाटेविषयी क्वचितच.

१९९८ साली सुरेंद्र चव्हाण एव्हरेस्टवर पोहोचले ते तिबेटच्या बाजूने. त्या बाजूस छावणीपर्यंत मोटार जाते. ही सोय खरी. माझ्या मते धोकाही तोच. काठमांडू १,४०० मीटर उंचीवर आहे. तेव्हाचा रस्ता कोदारीचा पूल ओलांडून न्यालमला, म्हणजे ३,७५० मीटरवर चढत असे. (२०१५ च्या भूकंपाने तो बंद पडला व प्रवासी केरुंगमार्गे जाऊ लागले.) पुढे पाच हजार मीटरांवरील खिंड, तिंग्रीचे पठार, आणि रोंगबुक मठापलीकडे सुमारे ५,२०० मीटरवर छावणी. आपले कोल्हापूर साडेपाचशे मीटरांच्या आसपास!

तेथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जवळजवळ निम्मा असतो. मोटार दोन-तीन दिवसांत पोहोचवू शकते. शरीर तितक्या त्वरेने जुळवून घेत नाही. डोकेदुखी, मळमळ, निद्रानाश जाणवताच चढणे थांबवावे. त्रास वाढल्यास खाली उतरावे. तीन हजार मीटरांनंतर मुक्कामाची उंची दिवसाला पाचशे मीटरांहून अधिक वाढवू नये आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस विसावा घ्यावा, असा वैद्यकीय संकेत आहे.

मोहिमेच्या मदतीचे अर्ज आपल्यापुढे येतात. अंदाजपत्रकातील हे विसाव्याचे मुक्काम अनावश्यक खर्च म्हणून छाटलेले मी पाहिले आहेत. कात्री लावायचीच, तर ती निरोपसमारंभाच्या रकमेस लावावी.