आतड्याच्या पेवात हवा नको

सोलापूर-मराठवाड्याकडच्या जुन्या वाड्यांत ज्वारीची पेवं असायची. जमिनीत खोल खड्डा, वरून तोंड पक्कं बंद. आतलं धान्य श्वास घेऊन घेऊन प्राणवायू संपवतं, मग किडा जगत नाही. म्हणूनच पेव उघडल्याबरोबर जाणता माणूस आत उतरत नसे.

माणसाचं मोठं आतडं हे असंच पेव आहे. त्यातले बहुतेक उपकारक जीवाणू हवा सोसत नाहीत. पण या पेवाच्या भिंतीतून रक्त खेळतं, म्हणजे प्राणवायू भिंतीतूनच झिरपायचा धोका. तो अडवतो पेशींचा एकच एक थर, आणि अडवतो तो प्राणवायू स्वतः जाळून टाकून.

जाळायला इंधन कोणतं? ब्युटिरेट. खवट लोण्याला जो वास येतो, तो याच्याच आम्लाचा. भाकरीतला कोंडा, मटकीची सालं, गवारीच्या शिरा यांतलं जे आपल्याला पचत नाही, ते मोठ्या आतड्यातले जीवाणू आंबवतात आणि ब्युटिरेट तयार करतात. 1980 साली डॉ. रोडिगर यांनी शस्त्रक्रियेत काढलेल्या आतड्यांमधल्या पेशी तपासल्या. आतड्याच्या उतरत्या भागातल्या पेशी जो प्राणवायू वापरत होत्या, त्यातला 70 टक्क्यांहून अधिक ब्युटिरेट जाळण्यात जात होता. भिंतीचं पोट भरतं ते रक्तापेक्षा आतल्या बाजूनं, हे श्रोत्यांनी नीट ध्यानात घ्यावं.

आता संदेशांकडे. ब्युटिरेट नुसतं जळत नाही, पेशीला निरोपही देतं. पेशीत पीपीएआर-गॅमा नावाचं एक ग्राहक प्रथिन असतं. या निरोपानं ते जागं राहिलं की पेशी ब्युटिरेट जाळत राहते. 2017 मध्ये डेव्हिस इथल्या कॅलिफोर्निया विद्यापीठात मारियाना बिंडलॉस आणि सहकाऱ्यांनी उंदरांना स्ट्रेप्टोमायसिन हे अँटिबायोटिक दिलं. ब्युटिरेट करणारे जीवाणू मेले, पीपीएआर-गॅमाचा निरोप थांबला आणि पेशी साखरेवर गुजराण करू लागल्या. त्या कामाला प्राणवायू लागत नाही. न जळलेला प्राणवायू आत झिरपला आणि साल्मोनेलाचं फावलं. पेवाला भेग गेली, किडा लागला!

आणि सर्दी-पडशाला मेडिकलमधून परस्पर अँटिबायोटिक आणून दोन दिवस गिळणारे लोक घरोघरी आहेत. सर्दी विषाणूची, तिला या गोळ्या लागू पडतच नाहीत. मार बसतो तो पेवातल्या राखणदारांना. डॉक्टरांनी दिलेलं औषध मात्र सांगितल्याप्रमाणे पूर्ण घ्यावं, त्यात कुचराई नको.

ब्युटिरेटचा निरोप प्रतिकारशक्तीलाही जातो. शरीराच्या फौजेला आवर घालणाऱ्या नियामक टी-पेशी शिमोन साकागुची यांनी 1995 मध्ये दाखवून दिल्या. त्यासाठी 2025 चं नोबेल त्यांना मेरी ब्रंकोव आणि फ्रेड रॅम्सडेल यांच्यासह मिळालं. ब्युटिरेटमुळे उंदरांच्या आतड्यात या पेशी वाढतात, हे 2013 मध्ये दिसलं. म्हणजे जे इंधन भिंत राखतं, तेच फौजेलाही सबुरीनं घ्यायला सांगतं.

पुन्हा सांगायचं ते हेच: भिंतीला आतून खायला घाला. तूप खाल्लं की ब्युटिरेट मिळतं, असं हल्ली छातीठोकपणे सांगितलं जातं. तुपात ते असतं, खरं आहे. पण ते वरच्या, लहान आतड्यातच शोषलं जातं, मोठ्या आतड्यापर्यंत पोचत नाही. दह्यातले जीवाणू लॅक्टिक आम्ल करतात, ब्युटिरेट नव्हे. दही जरूर खावं, पण त्याच्यासोबत ताटात भाकरी आणि मोडाची उसळ हवी. मुलांना मैद्याची बिस्किटं देऊन वर दह्याची वाटी पुढे करणाऱ्या आयांनी हे मनावर घ्यावं. एकदम ढीगभर कडधान्य मात्र नको, पोट फुगेल. दर आठवड्याला थोडं थोडं वाढवावं. आतड्याला सूज असलेल्या रुग्णांनी आधी डॉक्टरांना विचारावं, कारण त्यांची भिंत आधीच सोललेली असते आणि तिथे कोंडा कधी आणि किती चालेल, हे ज्याचं त्याचं वेगळं असतं.