तान्ह्या मुलाची सर्दी आणि घरातली हवा



वसंत व्याख्यानमालेच्या व्यासपीठावर इतिहास, वाङ्मय, अध्यात्म असे भारदस्त विषय शोभतात. त्या पंगतीत तान्ह्या मुलाचे चोंदलेले नाक आणि पाणावलेले डोळे घेऊन एका युनियनच्या कार्यकर्त्याने का बसावे, असा प्रश्न आपल्यापैकी काहींच्या मनात आला असेल. आम्ही वैद्य नव्हे आणि डॉक्टरही नव्हे. आमची शाळा लवकर सुटली. पुढचे शिक्षण वाचनालयात आणि कामगारांच्या उंबरठ्यावर झाले. पण सोलापुरातील विडी कामगार स्त्रियांच्या घरी वर्षानुवर्षे जाता-येता जे पाहिले, आणि ते उमजावे म्हणून जे वाचले व जाणत्यांना विचारले, ते आज आपल्यापुढे ठेवतो.

प्रथम धीराची गोष्ट सांगू. नवजात मूल मुख्यतः नाकानेच श्वास घेते आणि त्याच्या नाकपुड्या फार अरुंद असतात. त्यामुळे थोडासा शेंबूड साचला तरी नाक घुरघुरते. मूल शिंकते ते पुष्कळदा नाक साफ करण्यासाठी. ती सर्दीच असते असे नाही. डोळ्यांचेही तसेच. डोळ्यातील पाणी नाकात नेणारी बारीक नळी काही मुलांत जन्मतः पुरती उघडलेली नसते. मग डोळा पाणावतो, सकाळी चिपडे येतात. बहुतेक मुलांत ही नळी वर्षाच्या आत आपोआप मोकळी होते. मूल अंगावर नीट पीत असेल, स्वस्थ झोपत असेल, तर घाबरण्याचे कारण नाही. औषधाच्या दुकानात मिळणारे साध्या मिठाच्या पाण्याचे थेंब पाजण्यापूर्वी नाकात घालावेत. उकळून गार केलेल्या पाण्यात स्वच्छ कापूस भिजवून डोळा नाकाकडून बाहेर पुसावा आणि दुसऱ्या डोळ्याला दुसरा बोळा घ्यावा. याहून अधिक काही लागत नाही.

पण काही खुणा अशा आहेत की त्या दिसताच घरी थांबू नये. मूल दोन महिन्यांच्या आतले असेल आणि मिनिटाला ६० किंवा त्याहून अधिक श्वास घेत असेल, फासळ्यांखालची कातडी आत ओढली जात असेल, ते पिण्याचे सोडीत असेल, निपचित पडत असेल, अंग १००.४ अंश फॅरनहाइट किंवा त्याहून तापले असेल, किंवा उलट गार पडले असेल, तर रात्र असो की पहाट, दवाखाना गाठावा. श्वास मोजायचे ते पूर्ण एक मिनिट, मूल शांत असताना.

डोळ्यांची एक खूण तितकीच गंभीर आहे. जन्मानंतरच्या पहिल्या चार आठवड्यांत पापण्या सुजल्या आणि डोळ्यांतून पू वाहू लागला, तर तो प्रसूतीच्या वेळी आईकडून आलेला संसर्ग असू शकतो. त्यातील एका प्रकारात थोड्याच दिवसांत दृष्टी कायमची जाऊ शकते. लाइपझिग येथील डॉक्टर क्रेडे यांनी १८८० साली नवजात मुलांच्या डोळ्यांत सिल्व्हर नायट्रेटचा थेंब घालण्यास आरंभ केला आणि त्यांच्या प्रसूतिगृहातील हा रोग जवळजवळ नाहीसा झाला. आज यावर त्याहून चांगली औषधे आहेत. मात्र मुलाबरोबर आई आणि बाप या दोघांनीही उपचार घेतले पाहिजेत. अशा वेळी एकट्या आईकडे बोट दाखविणे हा अन्याय आहे.

आता आपल्या घरगुती उपायांकडे वळू. न्हाऊ घातल्यावर मुलाला धुरी देतात. प्रेमानेच देतात, परंतु धूर तो धूरच. तो कोवळ्या नाकाला आणि डोळ्यांना झोंबतो, आणि मग त्या झोंबण्यालाच सर्दी म्हणून पुन्हा धुरी दिली जाते! काजळात आणि सुरम्यात शिसे असू शकते, शिवाय बोटाची घाण डोळ्यात जाते ती वेगळीच. नाकात सोडलेले तेल फुफ्फुसात उतरू शकते. कापूर आणि बाम तान्ह्या मुलाला अपायकारक आहेत. आजीचा मान ठेवून, पण स्पष्टपणे, हे आपण सांगितले पाहिजे.

येथवर आईला शिकविण्याच्या गोष्टी झाल्या. आमचे खरे गाऱ्हाणे पुढे आहे.

विडी कामगार बाई कारखान्याच्या शाखेतून पाने व तंबाखू घरी आणते. एकच खोली. तिथेच चूल, तिथेच अंथरूण, तिथेच मांडीवर तंबाखूचे सूप आणि हाताच्या अंतरावर झोळीत मूल. सूप हलले की भुकटी उडते. मोठ्या माणसालाही त्या भुकटीने शिंका येतात, डोळे चुरचुरतात. मग दहा दिवसांच्या जिवाची काय कथा? तंबाखूतील निकोटीन हाताच्या कातडीतून बाईच्या अंगात शिरते आणि दुधातही उतरते. म्हणून अंगावर पाजणे सोडू नये, आईच्या दुधासारखे दुसरे औषध नाही. पण साबणाने हात धुऊन, काम करतानाचे लुगडे बदलून मगच मूल घ्यावे. हे आम्ही सांगतो आणि बाई विचारते, ‘दादा, हात धुवायला, लुगडं बदलायला उठले तर हजार विड्या कधी पुऱ्या व्हायच्या?’ या प्रश्नाला डॉक्टरकडे उत्तर नाही. ते मजुरीच्या दरात आहे.

मुंबई इलाख्यात प्रसूतिविषयक कायदा १९२९ साली झाला. त्याच्या विधेयकाला १९२८ साली कौन्सिलात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी पाठिंबा दिला होता. १९६१ साली देशाचा कायदा आला आणि २०१७ साली बारा आठवड्यांची रजा पहिल्या दोन मुलांसाठी सव्वीस आठवड्यांची झाली. १९६६ च्या विडी कामगार कायद्याने कारखान्यात मुलांसाठी पाळणाघर सांगितले. पण घर हाच जिचा कारखाना, तिचे पाळणाघर कोणते? आणि जिचे नाव हजेरीच्या पुस्तकातच नाही, तिला सव्वीस आठवडे कोण देणार? विडी वळली नाही त्या दिवशी चूल पेटत नाही. मुलाचा श्वास भरभर चालला आहे हे बाईला कळते. पण दवाखान्यात गेलेला दिवस मजुरीतून कापला जाणार हेही तिला कळते. या दोन कळण्यांच्या मध्ये जो वेळ जातो, तोच मुलाच्या जिवावर बेततो.

म्हणून आमचे म्हणणे असे, की तान्ह्याच्या सर्दीचा विचार करताना केवळ बाटलीतले औषध पाहू नये, खोलीतली हवा पाहावी. आणि हवा पाहिली की तिच्यामागची मजुरी पाहावी. आपल्यापैकी कित्येकांच्या घरी विडीचे सूप नसेल, परंतु उदबत्ती, डासांची कॉइल आणि यजमानांची सिगारेट असेल. मूल आहे त्या खोलीतून ती आजच बाहेर काढावी. याला कायदा लागत नाही. आणि घरी वळणाऱ्या प्रत्येक बाईचे नाव पुस्तकात चढावे, बाळंतपणाची पगारी रजा तिच्या हाती पडावी, वस्तीजवळ कामासाठी निराळी हवेशीर जागा असावी, या मागण्या घेऊन आम्ही आपल्या दारी येऊ तेव्हा सहीपुरते नव्हे, सोबतीला यावे. त्या झोळीतल्या मुलाला आपली बाजू मांडता येत नाही. ती आपणच मांडायची आहे.