क्षमा केली म्हणून हक्क सोडायचा नाही

(दुबईत ऊद मेथा भागातल्या एका चर्चच्या हॉलमध्ये मराठी कामगारांपुढे केलेलं भाषण)

भावांनो, तुमच्यात ख्रिस्ती किती आणि बाकीचे किती, हे मी विचारणार नाही. दुःख धर्म विचारून येत नाही. मी माझ्या श्रद्धेच्या भाषेत बोलतो, तुम्ही तुमच्या देवाचं नाव घेऊन ऐका.

मी नगर जिल्ह्यातला. सिव्हिलचा डिप्लोमा करून इथं आलो, आज सुपरवायझर आहे. 2019 साली माझी आई गेली. माझा पासपोर्ट कंपनीच्या कपाटात. मॅनेजर म्हणाले, "स्लॅब भरून होऊ दे, मग जा." आईला मातीआड करताना मी व्हिडिओ कॉलवर बघत होतो, आठव्या मजल्यावर, शटरिंगला टेकून. शेजारी काँक्रीटचा पंप चालू होता. पाळकांची प्रार्थनासुद्धा नीट ऐकू आली नाही.

मी रडलो नाही, कामाला लागलो. लोक म्हणाले, गडी खंबीर आहे. खंबीर कसला! झोप उडाली होती आणि तोंडात सारखी शिवी. चार-पाच महिन्यांनी बीडकडचा एक हेल्पर माझ्याकडे आला. त्याचा मुलगा दवाखान्यात होता, त्याला गावी जायचं होतं. मी काय म्हणालो? "स्लॅब भरून होऊ दे, मग जा." तेच शब्द. माझेच मला ऐकू आले.

त्या शुक्रवारी मी चर्चला आलो. तेव्हा सुट्टी शुक्रवारची असायची. उपासना संपली तरी मागच्या बाकावरून उठलो नाही. श्रीरामपूरकडचे एक वयस्कर मिस्त्री शेजारी येऊन बसले. त्यांनी उपदेश केला नाही. एवढंच म्हणाले, "अरे, जेवलास का?" आणि डबा उघडला. पहिल्याच घासाला मी लहान पोरासारखा रडलो.

पुढं त्यांनीच मला बायबलमधली एलीयाची गोष्ट दाखवली. 1 राजे, 19वा अध्याय. एवढा मोठा संदेष्टा, पण जिवाच्या भीतीनं रानात पळाला आणि झुडपाखाली बसून देवाकडे मरण मागू लागला. देव त्याला रागावला नाही. दूताच्या हाती निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाणी पाठवलं. खाऊ दिलं, झोपू दिलं, परत खाऊ दिलं. बोलणं नंतर. स्तोत्रसंहिता उघडा. 150 स्तोत्रांत कितीतरी नुसत्या तक्रारी आहेत, देवा, कुठं आहेस म्हणून. देवापुढं रडगाणं गायलं म्हणजे श्रद्धा कमी पडली असं नाही.

पंडिता रमाबाईंचं बघा. दुष्काळात आई, वडील, बहीण गेली. मग भाऊ गेला, 1882 साली नवरा गेला. पदरात लहान मुलगी. पण पुढं 1896-97 च्या दुष्काळात त्याच बाईनं उपाशी बायका-मुलींना केडगावला आणलं, त्यांना अन्न, शिक्षण आणि काम दिलं. आपलं दुःख त्यांनी चार भिंतींत कोंडून ठेवलं नाही.

आपल्या कामातलंच सांगतो. कॉलममध्ये हनीकोंब निघालं तर वरून सिमेंट फासून चालत नाही. सैल माल छन्नीनं काढायचा, धुवायचं, मग ग्राउट भरायचं. मनाचंही तसंच. आमच्या मंडळीत मी सगळं सांगितलं तेव्हा मिस्त्री म्हणाले, "देवाची क्षमा मागितलीस. आता त्या पोराची माग." मी सोनापूरच्या कॅम्पात त्याच्या खोलीवर गेलो. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "साहेब, मुलगा बरा आहे. पण त्या रात्री मी तुम्हाला लय शिव्या दिल्या." मी म्हणालो, बरोबर दिल्यास. पुढच्या आठवड्यात त्याच्या रजेसाठी मी स्वतः ऑफिसात उभा राहिलो, आणि ती मिळवली.

मॅनेजरला क्षमा करायला मला तीन वर्षं लागली. पण क्षमा करायची म्हणजे पासपोर्ट त्यांच्याकडेच राहू द्यायचा असं नाही. मी लेखी मागितला आणि घेतला. याकोबाच्या पत्रात, पाचव्या अध्यायात, मजुरांची अडकवलेली मजुरी ओरडते आणि तो आवाज देवापर्यंत पोचतो असं आहे. देव ऐकतो, मग आपण का गप्प बसायचं?

म्हणून हे लिहून घ्या. इथल्या 2021 च्या कामगार कायद्यानं, जो फेब्रुवारी 2022 पासून लागू आहे, मालकाला तुमची कागदपत्रं अडकवून ठेवता येत नाहीत. आई-वडील, मूल, भाऊ किंवा बहीण गेली तर तीन दिवस आणि बायको गेली तर पाच दिवस पगारी रजा आहे. कामगार तक्रारीसाठी 80084. आपल्या वकिलातीच्या प्रवासी भारतीय सहायता केंद्राचा फुकट नंबर 800 46342. आणि रात्र-रात्र झोप नसेल, जीव नकोसा वाटत असेल, तर प्रार्थना कराच, पण डॉक्टरकडेही जा. हाड मोडल्यावर जातो ना आपण?

आईची आठवण अजून दुखते. पुन्हा उठलेल्या येशूच्या हातांवरही खिळ्यांचे व्रण होतेच, थोमाला त्यानं ते दाखवले. व्रण राहतो, पण त्यातून आता रक्त येत नाही.

आज खोलीवर गेलात की वरच्या बंकवर जो भिंतीकडे तोंड करून पडलाय ना, त्याला विचारा, "जेवलास का?" त्यानं बोलायला सुरुवात केली तर मधे बोलू नका.